फेब्रुवारीत तीनशे का कापतात? नाशिकच्या कागदपत्रांतून राज्यघटना समजून घेताना

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातली कुठलीही पगाराची स्लिप घ्या. कपातीच्या रकान्यात 'पी. टी.' म्हणजे व्यवसाय कर असतो. महिना दहा हजारांच्या वर पगार असेल तर अकरा महिने तिथं दोनशे रुपये दिसतात आणि फेब्रुवारीत तीनशे. (महिलांना पंचवीस हजारांपर्यंत पगार असेल तर हा कर लागत नाही.) फेब्रुवारीची स्लिप बघून दरवर्षी कुणीतरी अकाउंट्समध्ये विचारायला जातंच. बेरीज करून बघा: दोनशे गुणिले अकरा म्हणजे २,२००, त्यात तीनशे मिळवले की बरोबर २,५००.

हा २,५०० चा आकडा राज्याच्या अर्थमंत्र्यांनी ठरवलेला नाही. तो भारताच्या राज्यघटनेत, अनुच्छेद २७६ मध्ये लिहिलेला आहे: एका माणसाकडून एका वर्षात यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येणार नाही. मूळ घटनेत ही मर्यादा २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं ती अडीच हजार झाली आणि तेव्हापासून तिथंच आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं उद्या एकमतानं ठरवलं तरी २,५०१ रुपये कापता येणार नाहीत. साधा कायदा आणि राज्यघटना यांच्यातला फरक एवढ्या एका ओळीत दिसतो. साधा कायदा तुम्हाला-मला काय करायचं ते सांगतो. राज्यघटना कायदा करणाऱ्यांना सांगते की तुम्ही कोण, तुमचा अधिकार कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो.

ही घटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली. तेव्हा तिच्यात ३९५ अनुच्छेद आणि आठ अनुसूची, म्हणजे शेवटी जोडलेली परिशिष्टं, होत्या. आज अनुसूची बारा आहेत. एवढं मोठं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर बहुतेकजण दहाव्या पानावर थांबतात. त्यापेक्षा हातात असलेल्या कागदापासून उलटं वर चढत जाणं सोपं पडतं. नाशिकमध्ये तर जवळजवळ प्रत्येक पायरीचं उदाहरण गावातच सापडतं.

कागदाला बळ कुठून येतं

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. बोलताना आपण सगळ्यालाच 'कलम' म्हणतो. कागदोपत्री घटनेचा असतो तो अनुच्छेद आणि साध्या कायद्याचं असतं ते कलम. अर्ज लिहिताना ही गल्लत झाली तर वाचणारा कारकून भलत्याच कायद्याचं पुस्तक उघडतो, म्हणून हा फरक जपावा.

आता व्यवसाय कराचाच जिना चढून बघा. तुमच्या कंपनीला पगारातून पैसे कापायचा अधिकार मिळाला तो राज्याच्या १९७५ च्या व्यवसाय कर अधिनियमातून. तो अधिनियम करायचा अधिकार विधिमंडळाला मिळाला तो घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीच्या साठाव्या नोंदीतून. आणि त्या अधिकाराला कुंपण घातलं अनुच्छेद २७६ नं. (हा कर मुळात रोजगार हमी योजनेचा खर्च भागवण्यासाठी आणला गेला होता. कारखान्यातल्या पगारातून दुष्काळी गावातली मजुरी निघावी, ही कल्पना आजही दाद देण्याजोगी आहे.)

सगळ्यात वर घटना, तिच्या खाली विधिमंडळानं किंवा संसदेनं केलेला अधिनियम, अधिनियमाखाली सरकारनं केलेले नियम, मग शासन निर्णय म्हणजे जीआर, आणि तळाशी एखाद्या कार्यालयाचा आदेश किंवा सभेचा ठराव. खालच्या पायरीला वरची मोडता येत नाही. ऐकायला सोपं आहे, पण रोजच्या कारभारात चुका होतात त्या नेमक्या इथंच.

जीआरचंच बघा. महाराष्ट्र शासनाचा कुठलाही जीआर उघडा. शेवटी एक ओळ असते: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. खाली सही मात्र उपसचिवांची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. मग ही ओळ का? कारण अनुच्छेद १६६ सांगतो की राज्य सरकारची सगळी कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावानं केली जाईल. निर्णय मंत्र्याचा किंवा मंत्रिमंडळाचा, नाव राज्यपालांचं आणि सही अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची, अशी ही मांडणी आहे. ती ओळ दिसली की समजावं, हा सरकारचा कार्यकारी आदेश आहे, विधिमंडळाचा कायदा नाही. कायदा गप्प असेल तिथं जीआर वाट दाखवू शकतो. कायद्यानं एक सांगितलं असताना जीआर दुसरं सांगू शकत नाही. आणि कर तर जीआरनं लावताच येत नाही: अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कुठलाही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही.

लासलगावचा कांदा तीन याद्यांमधून जातो

घटनेनं सरकारची कामं वाटून दिली आहेत ती सातव्या अनुसूचीत. केंद्रसूचीतल्या विषयांवर संसद कायदे करते, राज्यसूचीतल्या विषयांवर विधिमंडळ, आणि समवर्ती सूचीतल्या विषयांवर दोघंही. मूळ घटनेत या याद्यांमध्ये अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. समवर्ती विषयात दोघांचे कायदे एकमेकांशी भिडले तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा टिकतो. राज्याचा कायदा त्या राज्यापुरता टिकवायचा असेल तर त्याला राष्ट्रपतींची संमती मिळालेली असावी लागते.

हे कागदावर कोरडं वाटतं. निफाड तालुक्यातून कांद्याचा ट्रॅक्टर लासलगावला निघाला की ते जिवंत होतं. शेती हा राज्याचा विषय आहे, राज्यसूचीतली चौदावी नोंद. बाजार समिती, तिचे संचालक, लिलाव, आडत-तोलाईचे नियम हेही राज्याचे, कारण बाजार आणि जत्रा ही अठ्ठाविसावी नोंद. त्यावर महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा उभा आहे. लिलाव आटोपून तोच कांदा कंटेनरमध्ये चढला आणि बंदराकडे निघाला की राज्याची हद्द संपते. परदेशाशी व्यापार, आयात-निर्यात ही केंद्रसूचीतली एकेचाळिसावी नोंद. निर्यात शुल्कही केंद्राचं. आणि व्यापाऱ्यानं गोदामात किती माल ठेवावा याची मर्यादा येते जीवनावश्यक वस्तू कायद्यातून. तो विषय समवर्ती सूचीतला, तेहतिसावी नोंद.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, जिल्हाधिकारी कार्यालयावर निवेदनांचा ढीग पडला. शेतकऱ्याचा संताप शंभर टक्के खरा होता. पण बाजार समितीच्या सभापतीला, जिल्हाधिकाऱ्याला, इतकंच काय राज्याच्या पणनमंत्र्यालाही निर्यातबंदीतलं एक अक्षर बदलायचा अधिकार नव्हता. ते फार तर दिल्लीला कळवू शकत होते. त्या प्रश्नावर ज्यांच्या मताला थेट वजन होतं ते नाशिक आणि दिंडोरीचे खासदार, आणि मालेगाव-बागलाणच्या शेतकऱ्यांसाठी धुळ्याचे, कारण तिथल्या तीन विधानसभा जागा धुळे लोकसभा मतदारसंघात आहेत. उलट वजनकाट्यात काटा मारला, चोवीस तासांत पैसे मिळाले नाहीत, अशी तक्रार घेऊन खासदारांकडे जाण्यात दिवस घालवू नये. ती बाजार समिती आणि तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे द्यावी.

शहरातही याद्या अशाच शेजारी-शेजारी नांदतात. नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस केंद्राची, कारण चलन हा केंद्राचा विषय. प्रेसच्या फाटकाबाहेरचा चौक आणि तिथला पोलीस राज्याचा. देवळाली कॅम्पमध्ये राहणाऱ्यांना नाशिक महापालिकेचा नगरसेवक नसतो. तिथला कारभार छावणी परिषदेकडे आणि छावण्या केंद्रसूचीत, त्यामुळे शेवटचा शब्द संरक्षण मंत्रालयाचा. शिक्षण पूर्वी राज्याचं होतं, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं ते समवर्ती झालं. वनांचंही तसंच. जीएसटी या तिन्ही याद्यांमध्ये बसत नव्हता म्हणून २०१६ च्या १०१ व्या दुरुस्तीनं अनुच्छेद २४६-ए नवा घातला. मेन रोडवरच्या दुकानाच्या बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) अशा दोन ओळी छापलेल्या असतात त्या त्यामुळे.

मुंबईतलं सरकार, थोडक्यात

विधानसभेचे आमदार २८८, विधान परिषदेचे ७८. नाशिक जिल्ह्यातून विधानसभेवर १५ जण जातात. सरकार टिकायला विधानसभेत १४५ चा आधार लागतो. परिषदेतल्या संख्येनं सरकार पडत नाही, कारण अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ फक्त विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं. मंत्री किती असावेत यालाही २००३ पासून मर्यादा आहे: विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्के. २८८ चे पंधरा टक्के ४३.२, म्हणून मुख्यमंत्री धरून ४३.

जिल्हाधिकारी हे पद मात्र घटनेत शोधून सापडणार नाही. ते ब्रिटिश अमदानीपासून चालत आलं आणि आज उभं आहे १९६६ च्या जमीन महसूल संहितेसारख्या साध्या कायद्यांवर. सीबीएसजवळ जुन्या आग्रा रोडवर जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय शेजारी-शेजारी आहेत. मधली भिंत साधी असली तरी घटनेच्या नजरेत ती फार जाड आहे. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक अनुच्छेद २३३ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या सल्ल्यानं होते आणि त्यांच्या बदलीवर, कामावर नियंत्रण उच्च न्यायालयाचं असतं. जिल्हाधिकाऱ्याची बदली मंत्रालय करतं. एखाद्या निकालासाठी मंत्र्याची शिफारस आणू बघणाऱ्यानं हा फरक आधी समजून घ्यावा.

महापालिका: अस्तित्व घटनेचं, अधिकार राज्याच्या हातात

नाशिककरांचा सगळ्यात जास्त संबंध येतो तो महापालिकेशी आणि सगळ्यात कमी समजून घेतलं जातं तेही तिच्याबद्दलच. म्हणून इथं थोडं थांबू.

नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली. पहिली निवडणूक झाली १९९२ मध्ये. मधली दहा वर्षं प्रशासक. तेव्हा घटनेत नगरपालिकांबद्दल निवडणुकीची सक्ती करणारा अनुच्छेदच नव्हता. राज्याला वाटेल तेव्हा निवडणूक, वाटेल तेव्हा बरखास्ती. देशभर हेच चालत होतं. म्हणून त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती आली. पहिली २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद यांच्यासाठी आणि दुसरी १ जून १९९३ पासून शहरांसाठी.

चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं दोन प्रकारच्या गोष्टी लिहिल्या आणि त्यांच्यातला फरक एका क्रियापदात आहे. अनुच्छेद २४३-यू म्हणतो की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्यापेक्षा जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत. ही सक्ती आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात ती सक्तीच असल्याचं स्पष्ट केलं. पण महापालिकेनं कुठली कामं करायची हे सांगणारा अनुच्छेद २४३-डब्ल्यू म्हणतो की राज्य विधिमंडळ कायद्यानं असे अधिकार 'देऊ शकेल'. बाराव्या अनुसूचीत नगररचना, पाणीपुरवठा, रस्ते, घनकचरा, अग्निशमन, उद्यानं, दिवाबत्ती असे अठरा विषय आहेत. ते महापालिकेला दिलेच पाहिजेत असं घटना म्हणत नाही. राज्यानं द्यावेत अशी ती यादी आहे.

माझ्या मते शहराच्या कारभारातल्या निम्म्या गोंधळाचं मूळ या 'शकेल'मध्ये आहे. घरातलं नळाचं पाणी घ्या. गंगापूर धरण राज्याच्या जलसंपदा विभागाचं. महापालिका त्यातलं आरक्षित पाणी उचलते, शुद्ध करते आणि जलवाहिनीतून घरी पोचवते. शहराच्या कडेनं वाढणाऱ्या पट्ट्यात महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. येत्या कुंभमेळ्यासाठी राज्यानं २०२५ मध्ये वेगळं प्राधिकरण नेमलं. हे सगळं कायदेशीर आहे. पण रामकुंडाजवळच्या एखाद्या कामाबद्दल प्रश्न विचारायचा तर आधी ते काम कुणाच्या खात्यातून निघालं हे शोधावं लागतं आणि मत दिलेल्या नगरसेवकाच्या हातात त्यातलं फारच थोडं असतं.

महापालिकेच्या आतही सत्ता दोन हातांत आहे. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात महासभा, सोळा जणांची स्थायी समिती आणि आयुक्त ही तीन वेगवेगळी प्राधिकरणं आहेत. महासभा लोक निवडून देतात. २०१७ मध्ये नाशिकला ३१ प्रभागांतून १२२ नगरसेवक निवडले गेले. आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर शहराचे पहिले नागरिक असतात खरे, पण फाइलवर अंमलबजावणीची सही आयुक्तांची. महासभेला आयुक्त नकोसे झाले तर एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी तसा ठराव करावा लागतो, १२२ मध्ये ७७ मतं. आणि महासभेचा ठराव राज्याला बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा विखंडित होतो. 'विखंडित' हा शब्द वर्तमानपत्रात वाचला की समजावं, मुंबईनं नाशिकचा ठराव मोडला.

घरपट्टीच्या बिलावर हे दोन हात स्पष्ट दिसतात. बिल म्हणजे करयोग्य मूल्य गुणिले कराचा दर. तुमच्या घराचं करयोग्य मूल्य किती, हे ठरवण्याचं काम आयुक्तांकडचं. त्यावर किती टक्के कर, हे ठरवते महासभा. कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीच्या आत. २०१८ मध्ये नाशिकला मूल्यांकनाचे दर वाढले तेव्हा महासभेनं विरोध केला आणि आयुक्तांनी तो आपला अधिकार असल्याचं सांगितलं. लोकांना ते केवळ राजकीय भांडण वाटलं. खरा प्रश्न होता की गुणाकारातला कुठला आकडा कुणाचा. तुमचं बिल अचानक वाढलं तर आधी हेच तपासा: मूल्य बदललं की टक्का? मूल्य बदललं असेल तर तुमच्या मिळकतीपुरती हरकत घेता येते, बांधकामाचं क्षेत्रफळ किंवा वापर चुकीचा नोंदला आहे असं पुराव्यानिशी दाखवता येतं. टक्का बदलला असेल तर तुमच्या एकट्याची हरकत चालत नाही. तो सभेत बदलावा लागतो.

आणि सभाच नसेल तर? मार्च २०२२ मध्ये नाशिकच्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ आयुक्तच प्रशासक होते. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. दर सुचवणारे, मंजूर करणारे आणि वसूल करणारे एकच. पाच वर्षांची सक्ती घटनेत असताना हे घडलं कसं? मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गाचं आरक्षण ठेवायचं तर आधी स्वतंत्र आयोगानं माहिती गोळा करावी, त्यावरून प्रत्येक संस्थेसाठी प्रमाण ठरावं आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांवर जाऊ नये. ती माहिती तयार नव्हती. तेवढ्यात प्रभागरचनेचे कायदे बदलले, नगरसेवकांची संख्या वर-खाली झाली, प्रत्येक बदलावर याचिका पडल्या. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर तीही मुदत वाढवावी लागली. घटनेनं 'मुदतीआधी निवडणूक' असं लिहिलं, पण न झाली तर काय, हे लिहिलं नाही. ते भगदाड अजून तसंच आहे आणि ते बुजवायला हवं असं ठामपणे वाटतं.

इथं मतदारांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण मतदार यादी वापरतो ती भारत निवडणूक आयोगाची, विधानसभेची; तीच प्रभागांत फोडली जाते. म्हणून नाव नोंदवायचा अर्ज नमुना ६ आणि पत्ता बदलायचा नमुना ८ हे महापालिकेत द्यायचे नसतात. महापालिकेत हरकत द्यायची ती एवढीच की यादी फोडताना माझं नाव भलत्या प्रभागात गेलं. प्रारूप यादी लागल्यावर त्यासाठी अगदी थोडे दिवस असतात. पंचवटीत राहणाऱ्याचं नाव शेजारच्या प्रभागात आहे हे मतदानाच्या सकाळी कळून उपयोग नसतो.

सुरगाण्यात ग्रामसभा वेगळी का

गावाकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी तीन मजली रचना, अकरावी अनुसूची आणि तिच्यातले २९ विषय. महाराष्ट्रात यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. घटनेची किमान अट एक तृतीयांशाची आहे.

पण घटनेचा पंचायतींचा भाग पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. पेठ, सुरगाणा, कळवण आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाण या बाजूची बरीच गावं त्या क्षेत्रात येतात. तिथं १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी या क्षेत्राला बदल करून लागू करणारा संसदेचा कायदा, आणि राज्याचे २०१४ चे नियम चालतात. मोठा फरक असा की ग्रामपंचायतीच्या मुख्य गावापासून दूर असलेला पाडा नियमांप्रमाणे प्रक्रिया पूर्ण करून स्वतःची ग्रामसभा असलेलं गाव म्हणून घोषित होऊ शकतो. गौण वनोपज, दारूची दुकानं, भूसंपादनाआधीचा सल्ला यांत त्या सभेचा शब्द लागतो. चुकतं कुठं? सभा कागदावर होते, सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात. इतिवृत्ताची प्रत मागा, तारीख आणि उपस्थितांची नावं जुळवा. पाड्यावरची माणसं त्या दिवशी द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे गेलेली असतील तर ते लगेच लक्षात येतं.

घटना बदलते कशी

अनुच्छेद ३६८ ची अट दुहेरी आहे: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. लोकसभेत ५४३ जागा, म्हणजे पहिल्या अटीसाठी २७२. समजा ४०० जणांनी मतदान केलं. दोन तृतीयांश होतात २६७, पण तेवढे पुरत नाहीत, २७२ च लागतात. ५४० जणांनी केलं तर मात्र ३६० लागतात. राज्यसभेतही हेच, आणि दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक इथं चालत नाही. सातव्या अनुसूचीतली एखादी नोंद हलवायची तर याशिवाय किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. व्यवसाय कराचा २,५०० चा आकडा त्या यादीत नाही; तो संसद एकटी बदलू शकते.

या सगळ्याच्या वर २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती खटल्याचा निकाल आहे. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. संसदेला घटनेचा कुठलाही अनुच्छेद दुरुस्त करता येईल, पण घटनेचा मूलभूत ढाचा मोडता येणार नाही.

घाट, मंदिर आणि पंधरावा अनुच्छेद

घटनेत 'स्नानघाट' हा शब्द आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात, विहिरी, तलाव आणि रस्त्यांच्या रांगेत: सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या केलेल्या अशा जागांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही. पुढे अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो आणि अनुच्छेद २५ सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं सर्व हिंदूंना खुली करणाऱ्या कायद्याला वाट मोकळी ठेवतो. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. वीस वर्षांच्या आत त्याच माणसाच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीनं तयार केलेली घटना अमलात आली. गोदाघाटावर उभं राहून हे अनुच्छेद वाचावेत. प्रत्येक शब्द कशासाठी घातला ते तिथं कळतं.

हे हक्क मोडले तर अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात किंवा २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. नाशिकची याचिका मुंबईच्या मुख्य पीठाकडे जाते. कायद्यात आधीच अपिलाची सोय असेल तर उच्च न्यायालय पहिल्याच तारखेला विचारतं की ती वापरली का. दिवाणी दावा लावायचा असेल तर सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस लागते, महापालिकेला एक महिन्याची. ही नोटीस राहून गेल्यामुळे बरेच चांगले दावे सुरुवातीलाच अडकतात.

नोटीस हातात आली की

समजा बांधकाम पाडण्याची नोटीस दारावर चिकटवलेली सापडली. तिचा फोटो काढा, मिळाल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. मग तीन गोष्टी शोधा: कुठला अधिनियम, कुठलं कलम, आणि सहीखालचं पदनाम. महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६० वेगळं आणि नगररचना अधिनियमाची नोटीस वेगळी. दोन्हींची मुदत आणि अपील वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची मुदत आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मात्र रस्ता, पदपथ, नदी किंवा नाल्यालगतच्या सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही, म्हणून गोदावरी-नासर्डीच्या काठचं प्रकरण असेल तर त्यावर विसंबू नये.

उत्तर मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. अर्जात मत मांडू नका, कागद मागा. एवढं पुरतं: 'नोटीस क्रमांक अमुक, दिनांक तमुक, यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यास सदर कलमाखालील अधिकार प्रदान केल्याच्या आदेशाची प्रत मिळावी.' शहरात सहा विभाग आहेत आणि बहुतेक नोटिसांवर विभागीय अधिकाऱ्याची सही असते. कायद्यानं तो अधिकार आयुक्तांना दिलेला असतो. आयुक्त तो कलम ६९ खाली लेखी आदेशानं खाली सोपवतात. त्या आदेशाची तारीख तुमच्या नोटिशीच्या नंतरची निघाली, किंवा त्यात ते कलमच नसलं, तर वकिलासमोर बसताना तो कागद सगळ्यात वर ठेवा.